अनुपस्थितांची मोजदाद : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या जनगणनेची चिकित्सा

प्रस्तावना

लोकसंख्येचा आकडा ही केवळ शिरगणती नसते. कोणाला, कोठे आणि कोणत्या दिवशी मोजावे, याविषयी आधीच घेतलेल्या निर्णयांवर तो उभा असतो. म्हणून जनगणनेची कोष्टके एखाद्या संहितेप्रमाणे वाचावी लागतात. त्यांत काय नोंदले गेले याइतकेच काय निसटले, हेही पाहणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर जिल्ह्याची लोकसंख्या २४,५४,१९६, तर नांदेड जिल्ह्याची ३३,६१,२९२ होती. शोधनिबंधांतून आणि प्रकल्प-अहवालांतून हे आकडे वारंवार उद्धृत होतात. ते कोणत्या रीतीने हाती आले याची चर्चा मात्र त्या मानाने कमी होते. हंगामी स्थलांतराच्या संदर्भात ही रीत कोठे अपुरी पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बेटांवरील मोजणी

प्रशांत महासागरातील निउए हे सुमारे २६० चौरस किलोमीटरचे पॉलिनेशियन बेट १९७४ पासून न्यूझीलंडशी मुक्त सहयोगात असलेले स्वशासित राष्ट्र आहे. तेथील लोकांना न्यूझीलंडचे नागरिकत्व आहे. १९६६ मध्ये बेटाची लोकसंख्या पाच हजारांच्या वर होती. २०१७ च्या गणनेत ती सुमारे १,७०० भरली. याउलट न्यूझीलंडच्या २०१८ च्या जनगणनेत तीस हजारांहून अधिक लोकांनी आपली ओळख निउएयन अशी नोंदविली. गाव एका ठिकाणी आणि गावकरी दुसऱ्या ठिकाणी, अशी ही अवस्था आहे. पण ती आकड्यांत स्पष्ट दिसते.

न्यूझीलंडच्याच अखत्यारीतील टोकेलाऊ या तीन प्रवाळबेटांच्या समूहाची रीत अधिक बोलकी आहे. तेथे जनगणनेच्या रात्री तात्पुरते बाहेर असलेल्या रहिवाशांनाही बेटाच्या लोकसंख्येत धरले जाते. २०१६ मध्ये अशी लोकसंख्या १,४९९ होती. तेथील प्रतिनिधिसभेत कोणत्या बेटाचे किती सदस्य असावेत, हेही याच संख्येवरून ठरते. अनुपस्थित मनुष्य त्या समाजाचा घटकच राहतो, हे तत्त्व तेथील मोजणीने मान्य केले आहे. दीड हजार वस्तीच्या बेटांची अठ्ठावन्न लाखांच्या दोन जिल्ह्यांशी आकाराने तुलना होऊ शकत नाही, हे उघड आहे. येथे तुलना आहे ती केवळ मोजण्याच्या तत्त्वाची.

कोकणचे दिसणारे स्थलांतर

महाराष्ट्रात निउएशी जवळचे साम्य शोधावयाचे तर ते कोकणात सापडते. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ पर्यंत, तर सिंधुदुर्गची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ पर्यंत घटली. २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे रत्नागिरीत १,१२२ आणि सिंधुदुर्गात १,०३६ स्त्रिया होत्या. कामासाठी मुंबईला गेलेला चाकरमानी या दोन्ही आकड्यांतून लक्षात येतो.

नांदेड आणि लातूर यांच्या कोष्टकांत असे काहीच आढळत नाही. याच दशकात लातूरची लोकसंख्या १७.९७ टक्क्यांनी आणि नांदेडची १६.८६ टक्क्यांनी वाढली. राज्याचा वाढीचा दर १५.९९ टक्के होता. लातूर शहर वगळले तरी उर्वरित जिल्ह्याची वाढ सुमारे १६ टक्के आणि नांदेड-वाघाळा महानगरपालिका वगळता उर्वरित नांदेड जिल्ह्याची सुमारे १५ टक्के भरते. लिंग-गुणोत्तर लातूरचे ९२८ आणि नांदेडचे ९४३ होते; राज्याचे ९२९ होते. हे आकडे पाहून या जिल्ह्यांतून फारसे कोणी बाहेर जात नाही, असा निष्कर्ष एखादा विद्यार्थी काढील, आणि कोष्टकापुरता तो चुकीचाही ठरणार नाही.

कोयत्याची जोडी आणि मार्चची पहिली तारीख

प्रत्यक्षात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील, विशेषतः मुखेड, कंधार, लोहा, जळकोट या तालुक्यांतील कोरडवाहू गावांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पट्टा पडेपर्यंत, म्हणजे साधारणतः मार्च-एप्रिलपर्यंत, ही कुटुंबे कारखान्याच्या परिसरात कोप्या घालून राहतात. पहिल्या पावसाआधी ती गावी परततात.

हे स्थलांतर कोष्टकात न दिसण्याची तीन कारणे संभवतात. पहिले कारण श्रमाच्या रचनेत आहे. ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पुरुष आणि स्त्री दोघेही गाव सोडत असल्याने कोकणाप्रमाणे लिंग-गुणोत्तर ढळत नाही.

दुसरे कारण तारखेत आहे. २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांत प्रत्यक्ष मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली आणि १ मार्च हा संदर्भदिन होता. या संपूर्ण काळात घरी नसलेल्या व्यक्तीस ती जेथे सापडेल तेथे मोजावे, असा नियम आहे. ऊसतोड कामगारांसाठी हे दिवस ऐन हंगामाचे असतात. म्हणजे नियम काटेकोर पाळला तर मुखेडची जोडी सांगली किंवा कोल्हापूर जिल्ह्यात मोजली जाते. घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी मुला-सुनेची नावे प्रगणकास सांगितली तर दुबार नोंदीचा संभव निर्माण होतो, आणि कोपीपर्यंत प्रगणक पोहोचलाच नाही तर ती माणसे दोन्हीकडून सुटतात.

तिसरे कारण वाढीच्या दरात दडलेले आहे. दोन्ही जनगणना एकाच ऋतूत झाल्यामुळे, जी माणसे पहिल्या मोजणीत गैरहजर होती तशीच दुसऱ्या मोजणीतही गैरहजर राहिली. चूक दोन्हीकडे सारखी असली की वाढीच्या दरात ती उमटत नाही. आकडा सुसंगत दिसतो, म्हणून तो अचूकही मानला जातो.

जनगणनेच्या स्थलांतरविषयक तक्त्यांत पूर्वीचे वास्तव्य आणि स्थलांतराचे कारण नोंदले जाते, हे खरे. पण पतीबरोबर गेलेल्या स्त्रीचे स्थलांतर ‘विवाह’ किंवा ‘कुटुंबासमवेत’ या रकान्यांत जाण्याची शक्यता अधिक. कोयता चालवणारी स्त्री श्रमिक म्हणून तेथे ओळखूच येत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २००७-०८ मधील ६४ व्या फेरीत वर्षभरात एक ते सहा महिने कामासाठी बाहेर राहिलेल्यांची स्वतंत्र नोंद झाली. ही पद्धत अधिक न्याय्य होय. परंतु नमुन्याच्या मर्यादेमुळे ती तालुक्यापर्यंत पोहोचत नाही.

आक्षेप आणि उत्तर

प्रत्येक मनुष्य देशात कोठेतरी एकदा मोजला गेला म्हणजे जनगणनेचे कार्य पूर्ण झाले, असा आक्षेप येथे घेता येईल. देशाच्या एकूण संख्येपुरता तो मान्य करावा लागतो. परंतु अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र, शाळेची पटसंख्या यांचे नियोजन गावपातळीवर होते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातील लाभार्थ्यांची मर्यादाही २०११ च्या जनगणनेवर आधारलेली आहे. जे कुटुंब सहा महिने गावात आणि सहा महिने फडात असते, त्याचा हक्क कोणत्या गावाच्या हिशेबात धरावा, या प्रश्नास एका दिवसाचा आकडा उत्तर देऊ शकत नाही. आईवडिलांबरोबर फडात गेलेल्या मुलाचे नाव गावच्या हजेरीपटावर राहते आणि त्याचे शिक्षण मात्र खंडित होते. हंगामी वसतिगृहांची गरज किती, हे ठरविण्यासाठी लागणारी संख्या या कोष्टकांतून मिळत नाही.

समारोप

निउएची घरे कायमची रिकामी झाली, म्हणून ती आकड्यांत दिसतात. नांदेड-लातूरची घरे मृगाच्या सुमारास पुन्हा भरतात, म्हणून त्यांचे रिकामेपण नोंदीत येत नाही. २०२१ ची लांबलेली जनगणना घेण्याची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली आणि देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ हाच संदर्भदिन ठरला. ऋतू बदललेला नाही. त्यामुळे जुनी मर्यादाही कायम राहण्याचा संभव आहे. ‘गेल्या वर्षभरात कुटुंबातील कोणी एक ते सहा महिने कामासाठी बाहेर होते काय’, एवढा एक प्रश्न घरोघरी विचारला गेला तरी तिचे बरेचसे निराकरण होईल.

तोपर्यंत हे काम महाविद्यालयांना करता येण्याजोगे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची निवासी शिबिरे बहुधा हिवाळ्यात, टोळ्या बाहेर असतानाच, खेड्यांत भरतात. दत्तक गावातील घरांची एक नोंद त्या शिबिरात आणि दुसरी श्रावणात घेतली, तर दोन्ही नोंदींतील फरक हा त्या गावाच्या हंगामी स्थलांतराचा प्रत्यक्ष पुरावा ठरेल. बंद दारावर ‘कुलूप’ असा शेरा लिहून पुढे जाण्याऐवजी त्या घरातील माणसे कोठे गेली, हे शेजाऱ्यांना विचारून लिहिणे, येथून या नोंदीची सुरुवात होऊ शकते.