भिंतीआडचा साक्षी

६ ते १० जानेवारी १६६४ या दिवसांत शिवाजी महाराजांचे सैन्य सुरतेत होते, त्या वेळी येथील इंग्रज वखारीत एस्कालियट नावाचा एक पाद्री होता. महिना उलटण्यापूर्वीच त्याने नॉर्विच येथील वैद्य व ग्रंथकार सर थॉमस ब्राउन यांस पाहिल्या-ऐकल्याचा वृत्तान्त लिहून धाडला. इतिहासकारांनी या पत्रातून पुष्कळ तपशील घेतला आहे. येथे ते एका धर्मोपदेशकाची साक्ष म्हणून तपासावयाचे आहे.

सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला होता व शहराला कोणी वाली उरला नव्हता. वखारीचा अध्यक्ष सर जॉर्ज ऑक्झिंडन याने मात्र माणसे व तोफा जमवून वखार राखली. एस्कालियटने सारे पाहिले ते त्या भिंतीआडून. दिवसा धुराने सूर्य झाकला आणि रात्री ज्वाळांनी रात्रीचा दिवस केला, हे त्याचे वर्णन डोळ्यांनी पाहिल्याचे आहे, आणि ते तसे जाणवते. महाराजांची अंगलट, भेदक दृष्टी, गोरा वर्ण यांचेही त्याने रेखाटन केले आहे. आजही ते हौसेने उद्धृत केले जाते. परंतु ज्यांनी पाहिले त्यांच्या सांगण्यावरून आपण हे लिहीत आहोत, असे तो स्वच्छ नमूद करतो. उद्धृत करणारे नेमके हेच वाक्य गाळतात.

या पत्राचा मोठा गुण माझ्या मते हाच होय. लूकही प्रत्यक्षदर्शी नव्हता, आणि आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच ओळींत तो ते कबूल करतो. ऐकीव साक्ष हीन नसते. ती ऐकीव आहे हे लपविले म्हणजे हीन होते.

पत्रातील सर्वांत जिवंत प्रसंग अँथनी स्मिथ या इंग्रजाचा आहे. तो मराठ्यांच्या हाती सापडला होता. हात तोडण्याची आज्ञा होताच त्याने हिंदुस्थानीत ओरडून सांगितले, त्यापेक्षा माझे डोकेच उडवा. त्यासाठी त्याची टोपी काढली गेली, आणि महाराजांनी शिक्षा थांबविली. पुढे खंडणी घेऊन त्याला सोडण्यात आले. स्मिथची कथा टिकली, कारण तिला लेखनिक मिळाला. त्याच छावणीत ज्यांचे हात खरोखरच तोडले गेले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव पत्रात नाही. येथे पाद्र्याची लेखणी मला थिटी वाटते. एका विद्वान मित्राला नवलाची वार्ता कळवावी तसा तो लिहितो. या दिवसांनी त्याच्या स्वतःच्या अंतःकरणाचे काय केले, याचा पत्ता लागत नाही. वखार वाचली याचे समाधान तेवढे दिसते.

आपल्या बाजूचा सभासद याहून दूरचा. त्याची बखर सुमारे तीन दशकांनंतर जिंजीस, राजाराम महाराजांसाठी लिहिली गेली. तीत सुरत येते ती स्वराज्याच्या विजयांतील एक म्हणून, आणि दरबारी वृत्तान्तात ते स्वाभाविकच आहे. उधना-लिंबायत भागात खानदेशातून येऊन स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतील मुले हाच प्रसंग पराक्रमाचा म्हणून शिकतात. शेजारच्या सुरती घरात तोच प्रसंग लुटीचा म्हणून ओळखला जातो. दोन्ही मुले एकाच बाकावर बसतात, हे उपदेश तयार करणाऱ्याने विसरू नये.

राहिली आपली आवडती कथा. 'फिरंगी पाद्री भली माणसे आहेत' या अर्थाचे काही बोलून महाराजांनी कॅपुचिन फादर अँब्रोज यांचे घर सोडले, असे बर्निए सांगतो. व्यासपीठावरून ती मीही अनेकदा सांगितली आहे. बर्निए मात्र त्या वेळी सुरतेत नव्हता; तो दिल्लीस होता. कथा खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण भिंतीआडून स्वतः पाहणाऱ्यापेक्षा दिल्लीहून सांगणारा आपल्याला अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण तो आपली स्तुती करतो. शिवाय त्याच बर्निएने त्याच ठिकाणी सांगितले आहे की, डच व्यापाऱ्यांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घरही महाराजांनी सोडले, कारण तो हयातीत मोठा दानशूर होता. हा दलाल माझ्या उपदेशात आजवर कधी आला नाही. पुढच्या खेपेस फादर अँब्रोज यांच्याबरोबर त्यालाही घेणार आहे, आणि दिल्ली व सुरत यांमधील अंतरही सांगणार आहे.