हृदयाचं चिन्ह असलेला पर्याय

(पुढे दोन गेम्सचे स्पॉयलर्स आहेत.)

'ड्रॅगन एज २'मध्ये (२०११) संवादाच्या चक्रावर काही पर्यायांशेजारी हृदयाचं चिन्ह असतं. ते निवडत गेलं की झालं, गाडी प्रेमाच्या रुळावर. सोय चांगली आहे, पण मग समोरचं पात्र काय म्हणालं ते वाचायची गरजच उरत नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सोबत्याची पसंती हा एक इंटिजर आहे आणि आपण तो वाढवत बसतो. आधीच्या 'ओरिजिन्स'मध्ये (२००९) तर तो भेटवस्तू देऊनही वाढतो.

म्हणून 'द विचर ३'मधला (२०१५) 'द लास्ट विश' हा क्वेस्ट मला फार मोठा वाटतो. गेराल्टने कधीकाळी एका जिनकडे मागितलेल्या इच्छेमुळे तो आणि येनिफर एकमेकांशी बांधले गेलेत. येनिफरला ती जादू तोडून बघायचंय, खाली खरंच काही आहे का. डोंगरमाथ्यावर अडकलेल्या फुटक्या जहाजावर जादू तुटते. माझ्यात काही बदललं नाही, असं ती सांगते. आता बोलायचंय आपल्याला: माझंही तसंच आहे, किंवा माझ्यासाठी ते संपलं. बहुतेक गेम्समध्ये 'ती हो म्हणेल का?' एवढाच प्रश्न असतो. इथे तिचं उत्तर आधीच मिळालंय, शंका आपल्याबद्दल आहे. बरं, कितीही तास खेळलो असलो तरी 'योग्य' उत्तर कुठलं हे कुठलाही आकडा सांगत नाही. (हाच गेम पुढे, ट्रिस आणि येनिफर दोघींनाही होकार देणाऱ्या गेराल्टला पलंगाला बांधून मोकळा होतो. हसू येतं, पण मला ती पळवाट वाटते.)

'बाल्डर्स गेट ३'मधला (२०२३) अ‍ॅस्टेरियन याच्याही पुढे जातो. हा व्हॅम्पायर दोनशे वर्षं मालकासाठी माणसं भुलवून आणत होता. सुरुवातीला तो आपल्याशी इतकं गुळगुळीत बोलतो की आपण खूश. दुसऱ्या अंकात तो कबूल करतो, की ते सगळं स्वतःच्या संरक्षणासाठी आखलेलं होतं, आणि मग बेत फसला, कारण भावना खऱ्या निघाल्या. आता तो अडखळत बोलतो. आपल्याला आवडलेली आधीची वाक्यंच खोटी होती, हे कळल्यावर काय म्हणायचं? एक पर्याय नुसती मिठी मारण्याचा आहे. नील न्यूबनला या भूमिकेसाठी २०२३चा 'द गेम अवॉर्ड्स'मधला अभिनयाचा पुरस्कार मिळाला, आणि तो अडखळण्यातच कमावलाय असं माझं मत.

हे सगळं आपण इंग्रजीत खेळतो. तिथे 'यू' एकच. अंबरनाथ-बदलापूरमधल्या घराघरात मात्र कुणी नवऱ्याला 'अहो' म्हणतं, कुणी थेट नावाने हाक मारतं. उल्हासनगरच्या एखाद्या मराठी-सिंधी जोडीला तर आधी भांडायचं कुठल्या भाषेत तेच ठरवावं लागेल, बहुधा हिंदीत. अशा ठिकाणी घडणारा रोल-प्लेइंग गेम कुणी मराठीत लिहिला, तर त्याला हृदयाचं चिन्ह लागणारच नाही. पहिल्या अंकात ती विचारेल, 'जेवलात का?' तिसऱ्या अंकात, डब्याचं झाकण उघडता उघडता, 'जेवलास का?' इंग्रजी सबटायटलमध्ये दोन्ही वेळा एकच वाक्य दिसेल.