हरकत आहे!

व्हिडिओ गेम या वस्तूविषयी आपल्याकडे प्रत्येक घराला एक मत असते आणि ते बहुधा खेळ न पाहताच बनविलेले असते. वडील माणसांच्या मते तो डोळ्यांचा व अभ्यासाचा वैरी. मुलांच्या मते वडील माणसे हीच त्या खेळाची वैरी. सरकारांनाही मत असते. मार्च 2019 मध्ये राजकोटच्या पोलिसांनी 'पबजी' खेळत बसलेल्या काही तरुणांना चक्क अटक केली होती. त्याच्या अगदी उलट, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली हिंसक गेम मुलांना विकण्यास मनाई करणारा कॅलिफोर्निया राज्याचा कायदा मोडीत काढला आणि पुस्तक-नाटकांना असते तेच अभिव्यक्तीचे संरक्षण गेमलाही आहे, असे ठरविले. एका ठिकाणी कोठडी, तर दुसऱ्या ठिकाणी ग्रंथाचा मान! या साऱ्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही: अमुक एक गेम, कलाकृती म्हणून, बरा की वाईट? कादंबरीच्या बाबतीत 'वाचन चांगले की वाईट' एवढ्यावर आपण थांबत नाही. कोणती कादंबरी, हे पाहतो. मग या बिचाऱ्यांनीच काय पाप केले?

म्हणून या अंकासाठी मी एकच गेम घेतला आहे. त्यात बंदुका नाहीत, मोटारींच्या शर्यती नाहीत. त्यात एक न्यायालय आहे. जपानी नाव 'ग्याकुतेन साईबान', म्हणजे पारडे फिरविणारा खटला. इंग्रजीत तो 'फिनिक्स राइट : एस अ‍ॅटर्नी' या नावाने ओळखला जातो. लेखक-दिग्दर्शक शू ताकुमी, निर्माती कंपनी कॅपकॉम. पहिला भाग 2001 साली जपानात निघाला, 2005 मध्ये इंग्रजीत आला आणि आता पहिले तीन भाग एकत्र मिळतात. माझ्या भाच्याच्या संगणकावर मी ते दोन सुट्ट्यांत पुरे केले. इंग्रजी अडले तेथे भाचा होताच. मात्र पुरावे मी माझे मीच शोधले, हे नमूद करून ठेवतो.

खेळाचे स्वरूप अगदी सोपे आहे. आपण एक नवशिका बचावाचा वकील. साक्षीदार उभा राहतो, जबानी देतो, ती वाक्यावाक्याने पडद्यावर येते. कोणत्याही वाक्याला आपण हटकू शकतो, किंवा ते वाक्य खोटे पाडणारा पुरावा पुढे करून 'हरकत आहे!' असे ओरडू शकतो. भलताच पुरावा पुढे केला तर न्यायाधीश रागावतात. पहिल्या भागात अशा पाच चुका झाल्या की आपला अशील दोषी! बस्स, एवढेच. वाचणे, ऐकणे, ताडून पाहणे. शाळेत आम्ही जे वर्षभर घसा कोरडा करून सांगतो, तेच हा खेळ टाळ्या घेऊन करवून घेतो.

पहिल्याच खटल्यात याची चुणूक दिसते. साक्षीदार म्हणतो, मी एक वाजता प्रेत पाहिले. वैद्यकीय अहवाल म्हणतो, मृत्यू चारनंतरचा. मग तो सांगतो की वेळ टीव्हीवर ऐकली. तर त्या वेळी वीजच गेलेली! मग म्हणतो, टीव्ही नव्हे, घड्याळ होते. आणि तो मूर्तीसारखा दिसणारा ठोकळा घड्याळ आहे, हे त्याला कसे कळले? तोच तर खुनाचे हत्यार! घड्याळ तीन तास मागे होते, म्हणून चारचा एक झाला. साक्षीदार चिडून डोक्यावरचा टोप काढून फेकतो आणि आमचा भाचा गडाबडा लोळतो. खोटे बोलणाऱ्याला प्रत्येक नवे खोटे पहिल्यापेक्षा महाग पडते, ही गोष्ट इतक्या थोडक्यात आणि इतक्या गमतीने मांडलेली मी तरी फार ठिकाणी पाहिली नाही.

विनोद हा ताकुमींचा खरा हात. एका खटल्यात पोपटाची उलटतपासणी आहे! पण विनोदाच्या आड त्यांनी आपल्या देशावर जे बोट ठेवले आहे, ते गमतीचे नाही. या खेळातल्या जगात खटला तीन दिवसांत संपलाच पाहिजे, असा नियम आहे. सरकारी वकील कधी हरत नाहीत. त्यांतला एक तर चाळीस वर्षे अपराजित असल्याची घमेंड मिरवतो. आणि बचावाच्या वकिलाने नुसता संशय निर्माण करून भागत नाही, खरा गुन्हेगार हुडकून काढल्याखेरीज अशील सुटत नाही. पुराव्याचा बोजा सरकारवर, हे तत्त्व येथे चक्क उलटे टांगले आहे. परदेशी खेळाडूला ही अतिशयोक्ती वाटेल. जपानी माणसाला तितकीशी वाटणार नाही. तेथे आरोपपत्र दाखल झालेल्या खटल्यांत दोषी ठरण्याचे प्रमाण 99 टक्क्यांहून अधिक आहे. कमकुवत खटले सरकारी वकील मुळात दाखलच करीत नाहीत, हे त्याचे एक कारण खरे. पण दुसरेही एक कारण आहे. आरोप ठेवण्यापूर्वी संशयिताला 23 दिवसांपर्यंत अटकेत ठेवता येते, आणि त्या दिवसांत पोलिसांना हवा असतो तो कबुलीजबाब.

नेमकी येथेच माझी या खेळावरची मोठी हरकत आहे.

या खेळातला प्रत्येक खटला एकाच पद्धतीने संपतो. खरा गुन्हेगार कोंडीत सापडतो, घाम पुसतो, थरथरतो, किंचाळतो आणि कबूल करतो. त्याबरोबर 'निर्दोष' अशी अक्षरे झळकतात, रंगीत कागदांचे कपटे उडतात. कबुली म्हणजे सत्य, कबुली म्हणजे शेवट! कथालेखक म्हणून मला हा मोह समजतो. खलनायकाच्या तोंडून गुन्हा वदविला की वाचकाचे मन निवते. परंतु ज्या देशाच्या न्यायपद्धतीची टिंगल करावयास ताकुमी निघाले, त्या देशाचे मुख्य दुखणे अन्यायाने घेतलेली कबुली हेच आहे. तिलाच त्यांनी मुक्तीचा घंटानाद केले.

इवाओ हाकामादा यांची हकीकत पाहा. हे पूर्वीचे व्यावसायिक मुष्टियोद्धे, शिझुओका प्रांतात मिसो बनविणाऱ्या एका कारखान्यात कामाला होते. 1966 साली तेथल्या अधिकाऱ्याच्या कुटुंबातील चौघांचा खून झाला. हाकामादांना धरले. सुमारे वीस दिवस, रोज तासन् तास चौकशी झाल्यावर त्यांनी गुन्हा कबूल केला. न्यायालयात मात्र आपण निर्दोष असल्याचे सांगितले. एकूण 45 जबान्यांपैकी 44 न्यायालयानेच अग्राह्य ठरविल्या, आणि उरलेल्या एकीचा आधार घेऊन 1968 मध्ये फाशी सुनावली! घटनेनंतर वर्ष उलटून गेल्यावर मिसोच्या टाकीत रक्ताळलेले कपडे सापडले. त्यातली विजार त्यांच्या अंगात चढेना, तरी शिक्षा टळली नाही. निकाल देणाऱ्या तिघा न्यायाधीशांपैकी एकाने 2007 साली जाहीरपणे सांगितले की, मला ते निर्दोष वाटत होते. बहीण हिदेको उभे आयुष्य झगडली. 2014 मध्ये हाकामादा तुरुंगाबाहेर आले आणि 26 सप्टेंबर 2024 रोजी, 88 व्या वर्षी, फेरसुनावणीत निर्दोष ठरले. पुरावा आणि तो कबुलीजबाब दोन्ही बनावट, असे न्यायालयाने म्हटले. मार्च 2025 मध्ये 21 कोटी 70 लाख येनांहून अधिक भरपाई मंजूर झाली. तोवर त्यांचे मन कधीच हरवून गेले होते.

या हकीकतीत टोप फेकणारा कोणीच नाही. खरा खुनी आजतागायत कबुली द्यायला उभा राहिलेला नाही. ताकुमींच्या नियमाने पाहिले, तर हाकामादा सुटलेच नसते.

आपला कायदा या एका बाबतीत जुना आणि शहाणा आहे. 1872 च्या पुरावा कायद्याच्या 25 व्या कलमाने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही असे ठरविले, आणि 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो नियम कायम आहे. इंग्रज सरकारलाही आपल्याच पोलिसांचा भरवसा नव्हता म्हणावयाचे! कबुली किती स्वस्त असते, हे वर्गात उभे राहणाऱ्या माणसाला कायदा न वाचताही कळते. एका शाळेत सहलीच्या पैशांचे पाकीट नाहीसे झाले. एका शिक्षकांनी संशय असलेल्या मुलाला तासभर कोपऱ्यात उभे केले. त्याने पैसे घेतल्याचे कबूल केले, इतकेच नव्हे तर त्यांतून भेळ खाल्ल्याचेही सांगितले. तिसऱ्या दिवशी पाकीट हजेरीपटाच्या पुठ्ठ्यात सापडले, एक रुपयाही कमी नाही. ती भेळ माझ्या अजून लक्षात आहे. खोट्या कबुलीला असा तपशिलाचा तिखटमीठ लागतोच, नाहीतर ऐकणाऱ्याचे समाधान होत नाही.

अर्थात आपण फार ऐटीत बोलावे अशी स्थिती नाही. खेळातले तीन दिवस वाचून आपल्याकडच्या पक्षकाराला हसू येईल. आपल्याकडे तीन दिवसांत पुढची तारीखदेखील मिळत नाही. देशातल्या तुरुंगांत असलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश माणसे अजून दोषी ठरलेलीच नाहीत, नुसती खटल्याची वाट पाहत आहेत. ताकुमींनी घाईची थट्टा केली. दिरंगाईची थट्टा करणारा खेळ आपल्याकडच्या कोणी तरी रचावा. खेळाडू कंटाळून उठून जाईल ही भीती आहे, पण तेच त्याचे यश ठरेल.

न्यायालय आणि खेळ यांची सांगड मराठी रसिकाला नवी नाही. 1967 साली रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' मध्ये हौशी मंडळी वेळ घालविण्यासाठी अभिरूप न्यायालयाचा खेळ मांडतात, आरोपी म्हणून आमच्याच पेशातल्या बेणारेबाईंना उभे करतात, आणि पाहता पाहता खेळ खरा होतो. तेंडुलकर आणि ताकुमी यांची तुलना करणे ही तोफ आणि फुलबाजी यांची तुलना होईल, दिवाळीत असली तरी. पण एक गोष्ट लक्षात येते. तेंडुलकरांच्या न्यायालयात पुराव्याला किंमतच नाही. सर्वांना आधीच 'माहीत' असते, आणि त्या माहितीचा सर्वांना आनंद होत असतो. ताकुमींच्या न्यायालयातही प्रेक्षक कुजबुजतात, न्यायाधीश पहिल्या जबानीवरच निकाल द्यायला निघतात, पण एक शब्द, एक वस्तू, एक घड्याळ त्यांना थांबवू शकते. तेंडुलकरांचे दर्शन अधिक खरे आहे, यात मला शंका नाही. चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती मी आधी कोणते देईन, असे विचाराल तर मात्र ताकुमींचे देईन. आधी थांबविता येते हे कळू दे. थांबविता येत नाही हे पुढे कळणारच आहे.

(जाता जाता: खेळातले न्यायाधीश घडोघडी हातोडा आपटतात. जपानी न्यायालयांत हातोडा नसतो. आपल्याकडेही तो सिनेमातच अधिक वाजतो.)

ताकुमींना आपल्या मांडणीतली ही उणीव अजिबात दिसली नसेल, असेही नाही. 2002 च्या दुसऱ्या भागातला शेवटचा खटला याची साक्ष देतो. तेथे आपला अशीलच दोषी असल्याचे आपल्याला कळते, आणि त्याला सोडविले नाही तर आपल्या जवळच्या व्यक्तीचा जीव जाणार असतो. आजवर हरकत घेणे हे पुण्य होते. आता तेच ओरडणे घशात अडकते. सत्य आणि जिंकणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे येथे प्रथमच कळते. शेवट सांगत नाही. सगळ्या मालिकेत मला कादंबरीच्या तोडीचा वाटला तो एवढा एकच खटला.

2007 चा चौथा भाग त्या मानाने फसला आहे, पण त्यात एक धाडस आहे. जपानात मे 2009 पासून गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यांत तीन न्यायाधीशांबरोबर सहा सामान्य नागरिक बसू लागले. ती तयारी चालू असतानाच ताकुमींनी आपल्या खेळात ज्यूरी आणली आणि अखेरीस निकालाचे बटण खेळणाऱ्याच्याच हाती दिले. आपण मुंबईकरांनी ज्यूरीचा अनुभव आधीच घेतलेला. 1959 च्या नानावटी खटल्यात वृत्तपत्रे आणि रस्ता यांनी निकाल आधीच दिला होता. ज्यूरीने 8 विरुद्ध 1 मतांनी निर्दोष म्हटले, उच्च न्यायालयाने ते फिरविले, 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली, आणि पुढे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. आपण सामान्य माणसावरचा विश्वास काढून घेतला. जपानने तो उशिरा का होईना, ठेवून पाहिला. कोण बरोबर, हे ठरविण्याइतका माझा अधिकार नाही. पण चौथ्या भागातले ते बटण दाबताना भाचा प्रथमच काही वेळ गप्प बसला होता, आणि मग त्याने मला विचारले, "मामा, एकदा दाबले की परत घेता येते का?"