चेंडूफळी आणि उंबरठा

तुकारामांच्या गाथेत टिपरी, फुगडी, हमामा, हुतुतू, चेंडूफळी अशा खेळांवर अभंग आहेत. आमचे बहुतेक टीकाकार त्यांची गणना रूपकांत करून मोकळे होतात. खेळ म्हणजे संसार आणि गडी म्हणजे जीव, एवढे सांगितले की विवेचन संपते. वर्गात आम्हीही वर्षानुवर्षे हेच सांगत आलो. परंतु ह्या खेळांचे अध्यात्म रूपकाच्या अलीकडे, खुद्द खेळातच आहे, असे आम्हांस आता वाटते. चेंडू कोणाचे कुळ विचारीत नाही. रिंगणात उतरलेल्या प्रत्येकास एकच नियम बांधतो. वारकऱ्यांनी वाळवंटात मांडलेल्या खेळात हीच समता होती.

मात्र ह्या समतेची मर्यादाही टीकेने सांगितली पाहिजे. चोखामेळा वाळवंटात संतमेळ्यातले एक होते. मंदिराचा उंबरठा त्यांना बंद होता. त्यांची समाधी महाद्वारापाशीच आहे.

पुढे मैदानावरही हेच घडले. चर्मकार समाजात जन्मलेले पळवणकर बाळू पुण्यात हिंदू संघाकडून गोलंदाजी करीत, तेव्हा त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण सहकारी निःशंकपणे झेलीत. चहा मात्र त्यांना पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या पेल्यात मिळे. 1906 साली मुंबईत युरोपियनांवर हिंदूंनी मिळविलेल्या विजयात त्यांचा मोठा वाटा होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरांहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना लाभले नाही. 1920 साली ह्याच प्रश्नावरून त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम ह्यांनी संघातून माघार घेतली. 1923 साली विठ्ठल कप्तान झाले.

तेव्हा खेळाने समाज बदलला, हे विधान अर्धसत्य होय. खेळ गुणांचे माप हाती देतो. ते माप उंबरठ्याच्या आत लावा, असा आग्रह माणसालाच धरावा लागतो. बेसबॉल हा चेंडूफळीचा दूरचा भाऊबंद. एप्रिल 1947 मध्ये जॅकी रॉबिन्सन अमेरिकेतील त्याच्या प्रमुख स्पर्धेत उतरले, तेव्हा कृष्णवर्णीयांवरील कित्येक दशकांची बंदी मोडली. पुढच्याच महिन्यात साने गुरुजींच्या उपोषणाने पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांस खुले झाले. दोन्हीकडे दार आपोआप उघडले नव्हते.

पळवणकर विठ्ठलांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ 1948 साली प्रसिद्ध झाले. क्रीडाविषयक म्हणून बाजूस ठेवलेले हे आत्मचरित्र गाथेतील खेळांच्या अभंगांशेजारी ठेवून वाचावे, अशी आमची अध्यापकबंधूंस विनंती आहे. एकात समतेचे स्वप्न आहे, दुसऱ्यात त्या स्वप्नाची परीक्षा.

येथे सुरतेत आमच्या पटांगणावर खानदेशी, गुजराती, उडिया मुले एका चेंडूमागे धावतात. घंटा झाली की डबा उघडून कोण कोणाशेजारी बसतो, हे आम्ही अलीकडे मुद्दाम पाहतो. अभंग कितपत शिकविला गेला, ते तेथे कळते.