मौर्यांचा ऱ्हास: एका गाजलेल्या प्रबंधात मला खटकलेली गोष्ट

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला मी एक पुस्तक वाचायला सांगते, त्याचा विषय इतिहास नसला तरी. माझाही नाही. रोमिला थापर यांचं ‘अशोक अँड द डिक्लाइन ऑफ द मौर्याज’. मुळात हा लंडन विद्यापीठातला १९५८ चा प्रबंध. पुस्तक आलं १९६१ मध्ये. प्रबंध पूर्ण झाला तेव्हा लेखिकेचं वय तिशीच्या आतच होतं. यातलं ऱ्हासावरचं प्रकरण तुम्ही मुद्दाम वाचा, कारण त्यात एक काम फार छान झालंय आणि एक, माझ्या मते, अर्धवट राहिलंय.

प्रश्न साधा आहे. अशोक गेला साधारण इ.स.पू. २३२ मध्ये. इ.स.पू. १८५ च्या सुमारास शेवटचा मौर्य राजा बृहद्रथ याला त्याच्याच सेनापतीनं, पुष्यमित्रानं, मारलं. जेमतेम पन्नास वर्षं. एवढं मोठं साम्राज्य इतक्यात का संपलं?

शाळेतलं उत्तर आपल्याला पाठ असतं: अहिंसेमुळे सैन्य दुबळं झालं. आता हे पुराव्याला लावून बघा. तेराव्या शिलालेखात अशोक कलिंगाबद्दल पश्चात्ताप करतो, पण त्याच लेखात अटवीतल्या लोकांना दमही भरतो, की पश्चात्ताप झाला असला तरी राजाकडे ताकद आहे. चौथ्या स्तंभलेखात देहदंड रद्द होत नाही. शिक्षा झालेल्याला फक्त तीन दिवसांची मुदत मिळते. सैन्य मोडल्याचा उल्लेख कुठल्याच लेखात नाही. आणि बाणाच्या ‘हर्षचरिता’नुसार बृहद्रथ मारला गेला तो सैन्य दाखवण्याच्या निमित्तानं! बाण सातव्या शतकातला, म्हणजे घटनेनंतर आठशे वर्षांनी लिहिणारा, तेव्हा त्याच्यावर फार भार टाकू नका. पण त्याच्या गोष्टीतही सैन्य आहेच.

दुसरं उत्तर हरप्रसाद शास्त्रींचं, १९१० चं: अशोकाच्या धोरणांवर चिडलेल्या ब्राह्मणांची प्रतिक्रिया म्हणजे पुष्यमित्राचा उठाव. हेमचंद्र रायचौधरींनी ते खोडलं. मौर्यांचा सेनापतीच ब्राह्मण असेल, तर ब्राह्मणांना डावललं होतं असं कसं म्हणणार? गंमत म्हणजे हेच रायचौधरी स्वतःचं कारण देताना पुन्हा अशोकाच्या शांततावादाकडेच बोट दाखवतात. दुसऱ्याचं कारण तपासताना लावलेली चाळणी स्वतःच्या कारणाला लावायची राहून जाते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरं उत्तर आपल्या जवळचं, आणि विज्ञानवाल्यांना सगळ्यात आवडेल असं. दामोदर धर्मानंद कोसंबी, गोव्यात जन्मलेले, फर्ग्युसन कॉलेजात शिकवणारे गणितज्ञ, चांदीची आहत नाणी तराजूत घालून बसले. विचार असा: नाणं हातोहाती फिरतं तसं झिजतं. त्यामुळे जितकी वर्षं चलनात, तितकं सरासरी वजन कमी आणि नाण्यानाण्यातला फरक जास्त. मग एकत्र सापडलेल्या साठ्यात कुठला गट जुना आणि कुठला नवा हे संख्याशास्त्रानं सांगता येतं. नाण्यांवर राजाचं नाव नाही, साल नाही, नुसते ठसे आहेत. तरीही क्रम लागतो. त्यातून कोसंबींना दिसलं की मौर्यकाळातल्या नाण्यांत तांब्याची भेसळ वाढली आणि वजनातला काटेकोरपणा गेला. निष्कर्ष: तिजोरीवर ताण.

थापर इथे थांबून विचारतात, की भेसळीचा अर्थ एकच असतो का? व्यापार वाढला, नाण्यांची मागणी वाढली आणि चांदी तेवढी मिळाली नाही, तरीही भेसळ होईल. शिवाय उत्खननांत मिळालेल्या वस्तू त्या काळात भरभराट असल्याचं सांगतात. मोजमाप बरोबर, पण त्यातून काढलेला अर्थ एकमेव नाही. हे दोन वेगळे करता येणं म्हणजे निम्मी पीएच.डी.

आता खटकणारी बाजू. थापर यांचं स्वतःचं उत्तर असं: अतिशय केंद्रित नोकरशाही, जिची निष्ठा राज्यसंस्थेपेक्षा राजाच्या व्यक्तीशी होती; आणि राजापलीकडच्या राज्याची कल्पनाच नसणं. ऐकायला पटतं. पण ही स्थिती चंद्रगुप्ताच्या काळीही होतीच ना? जे सुरुवातीपासून स्थिर आहे, ते एकटं बदलाचं कारण कसं होईल? थापर याचं उत्तर देतात, की अशी व्यवस्था चालवायला समर्थ राजा लागतो आणि नंतरचे तसे नव्हते. बरं, पण नंतरचे असमर्थ होते हे कशावरून? पुराणांतल्या त्यांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. दशरथाचे नागार्जुनी टेकडीवरच्या गुहांमधले छोटे दानलेख आहेत, बाकीच्यांचं तेवढंही नाही. म्हणजे साम्राज्य बुडालं म्हणून राजे दुबळे, आणि राजे दुबळे म्हणून साम्राज्य बुडालं. हे वर्तुळ झालं. कोसंबींना विचारलेला प्रश्न इथे विचारलाच गेला नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. ‘केंद्रित’ हे चित्र बरंचसं अर्थशास्त्रावरून आलंय. १९७१ मध्ये थॉमस ट्राउटमन यांनी त्या ग्रंथाच्या भाषेची संख्याशास्त्रीय तपासणी करून तो एका हातचा नाही असं दाखवलं. मग सगळा ग्रंथ चंद्रगुप्ताच्या दरबाराचं वर्णन म्हणून वाचणं अवघडच. मुळात उभं काय होतं हेच डळमळीत असेल, तर पडलं काय?

ही शंका थापर यांनी स्वतःच पुढे नेली, म्हणून माझ्या मनात त्यांच्याबद्दलचा आदर वाढतो. १९८४ ची त्यांची व्याख्यानं ‘द मौर्याज रिव्हिजिटेड’ या नावानं १९८७ मध्ये छापली गेली. (ती सखाराम गणेश देउस्कर यांच्या नावाची व्याख्यानमाला, मराठी कुळातला हा माणूस बंगालीत लिहायचा.) तिथे सगळीकडे सारखं राज्य हे चित्र जातं. मगधासारखा गाभा, आधीच विकसित असलेले काही प्रदेश, आणि भोवतालचा मोठा परीघ, जिथून साम्राज्याला मुख्यतः साधनसामग्री हवी होती. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचा, मधे महिनाभराचा खंड नको.

वाचताना सोपारा डोळ्यासमोर ठेवा, आपलं नालासोपारा. अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे तिथे मिळाले, म्हणजे साम्राज्य इथवर पोचलं होतं खरं. आणि बृहद्रथानंतर अडीचशे वर्षांनी, पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’मध्ये सुप्पारा हे बंदर म्हणून नोंदलेलं आहेच. पाटलीपुत्रात एक राजघराणं संपलं. सोपाऱ्यात जहाजं येत राहिली.