मराठी आत्मकथनांतील बालपण आणि दारिद्र्य

मराठी आत्मकथनांचा परामर्श घेताना बालपणीच्या सर्व हालअपेष्टा ‘दारिद्र्याचे चित्रण’ या एकाच मथळ्याखाली बांधून ठेवण्याची प्रथा आहे. ती सोयीची असली तरी शास्त्रशुद्ध नव्हे. उपाशी मूल सर्वत्र सारखेच दिसते. त्याच्या उपासाची घडण मात्र प्रांतागणिक व जातीगणिक निराळी असते.

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (१९३५) ही कोकणातील एका खोत घराण्याच्या पडझडीची कथा होय. भाऊबंदकीतून आलेले विभक्तपण, सावकाराचे वाढते व्याज आणि अखेरीस जप्ती, या क्रमाने दारिद्र्य घरात शिरते. श्यामला अन्नवस्त्राची ददात पडते. परंतु विद्येची परंपरा आणि शिक्षणासाठी आसरा देणारे नातलग त्याला जन्मतःच लाभलेले आहेत. त्या घरात अब्रूचा प्रश्न अन्नाच्या प्रश्नाइतका तीव्र होतो, याचे कारण हेच.

दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) गमावण्याजोगे मुळात काही नव्हते. पिढीजात गावकीची कामे करावयाची आणि मोबदल्यात धान्याचा वाटा घ्यावयाचा, ही व्यवस्था महार मुलाचे भवितव्य त्याच्या जन्मापूर्वीच ठरवीत असे. बलुते हा हक्क खरा, पण तो मागून घ्यावा लागे; ‘मागून’ या शब्दात त्या बालपणाचे बरेचसे अर्थशास्त्र सामावले आहे. मुंबईच्या कावाखान्यात रोख मजुरी मिळाली, गावकी दुरावली. वस्ती मात्र जातीचीच राहिली. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला, तेव्हा लेखकाचे बालपण केव्हाच सरले होते.

लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’तील (१९८०) कैकाडी मुलाला तर बलुत्यातही वाटा नाही. फोकाच्या टोपल्या विणून विकणारे, गाढवांवर बिऱ्हाड लादून हिंडणारे हे कुटुंब कोणत्याच गावाचे नव्हे. शाळेच्या हजेरीपटाला मात्र एक स्थिर गाव लागते. येथे शिक्षणाच्या आड केवळ पैशाची उणीव येत नाही, पोटासाठी करावी लागणारी भटकंतीच येते.

असे असता पुढील दोन्ही ग्रंथांत ‘संस्कार’ शोधणारी आणि ते न सापडल्यास भाषेच्या भडकपणाकडे बोट दाखविणारी टीका अन्यायाची ठरते. श्यामच्या आईपाशी निदान जप्तीपर्यंत बसून बोलावयास स्वतःची ओसरी होती.