कृष्णधवल रस्ता आणि वऱ्हाडातली शहरे

शहराच्या रस्त्यावरचे रोजचे जगणे कृष्णधवल छायाचित्रांत टिपण्याची कला महाराष्ट्रात वाढली ती मुख्यतः मुंबईत. पण या परंपरेतले अलीकडचे सर्वांत भक्कम काम ज्यांचे म्हणावे लागेल, ते सुधारक ओलवे मूळचे अकोल्याचे. वऱ्हाडाने या कलेला इतका मोठा छायाचित्रकार दिला. अमरावती-अकोल्याचे रस्ते मात्र अजून त्या तोडीच्या नजरेची वाट पाहत आहेत. या कलेच्या आजच्या स्थितीचा विचार या विसंगतीपासूनच सुरू करावा लागतो.

मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्यातल्या आघाडीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. पण त्या काळी काच ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि ते उमटायला काही सेकंद लागत. चालता माणूस त्यात पुसटच यायचा. म्हणून रस्ता टिपायचा तर तो रिकामा टिपायचा, आणि माणूस टिपायचा तर त्याला स्थिर उभा करायचा, अशी विभागणी झाली. विल्यम जॉन्सन याने 1860 च्या दशकात मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंड काढले. त्यातल्या अनेक चित्रांत वेगळीकडे टिपलेल्या माणसांच्या आकृती मुंबईच्या दृश्यांवर चिकटवलेल्या आहेत. माणूस आणि रस्ता यांची गाठ तिथे कात्रीने घातली गेली. ही गाठ कॅमेऱ्यातच पडावी, हीच पुढच्या शंभर वर्षांतल्या छायाचित्रणाची खरी धडपड होती.

ही गाठ शक्य केली 1925 मध्ये बाजारात आलेल्या लायका या छोट्या कॅमेऱ्याने आणि पुढे आलेल्या वेगवान फिल्मने. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी 1952 च्या पुस्तकात मांडलेली निर्णायक क्षणाची कल्पना जगभर पसरली. मुंबईत त्याआधीच, 1930 च्या दशकाच्या अखेरीस, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला शहरातल्या तरुण स्त्रियांची, सहलींची, रोजच्या व्यवहाराची चित्रे घेत होत्या. त्यांतली काही पती माणेकशॉ यांच्या नावाने छापली गेली. होमाईंची ओळख पुढे दिल्लीतल्या राजकीय छायाचित्रांमुळे झाली. पण त्यांची ही आरंभीची मुंबई अधिक मोकळी आणि अधिक जिवंत आहे.

त्यानंतरच्या पिढीत सूनी तारापोरवाला यांनी 1977 पासून मुंबई टिपली आणि केतकी शेठ यांचे ‘बॉम्बे मिक्स’ हे रस्त्यावरच्या कृष्णधवल चित्रांचे पुस्तक 2007 मध्ये आले. शेठ यांची चौकट गर्दीने भरलेली असते, तरी तिच्यातला प्रत्येक चेहरा स्वतंत्र राहतो. हे वाटते तितके सोपे नाही. गर्दी दाखवताना माणसे हरवू न देणे ही या कलेतली सर्वांत अवघड गोष्ट आहे.

याच काळात एक मोठा वैचारिक आक्षेपही पुढे आला. रघुबीर सिंग यांनी आयुष्यभर रंगीत काम केले. भारतीय दृष्टीला रंग उपजतच आहे आणि कृष्णधवलातली उदासी पाश्चात्त्य मनाची आहे, अशी त्यांची भूमिका होती. आक्षेप वजनदार आहे. पण त्याचे उत्तर ओलवे यांच्या कामात सापडते.

1990 च्या दशकाच्या अखेरीपासून ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची चित्रे घेतली. मॅनहोलमध्ये उतरलेली, कचऱ्याच्या ढिगात उभी असलेली, मेलेली जनावरे उचलणारी माणसे त्यांत आहेत. हेच दृश्य रंगीत असते तर नजर आधी घाणीवर गेली असती आणि किळस येऊन तिथूनच परत फिरली असती. रंग काढून घेतल्यावर घाण आणि अंग एकाच करड्या पट्टीत येतात, आणि त्यातून डोळे तेवढे वर येतात. पाहणाऱ्याला त्या डोळ्यांना सामोरे जावेच लागते. कृष्णधवल इथे शोभेसाठी आलेले नाही. ती नैतिक निवड आहे. शिवाय ओलवे रस्त्यावर थांबले नाहीत. ते कामगारांच्या घरी गेले, कुटुंबांत बसले. या कामाची दखल नॅशनल जिओग्राफिकच्या ‘ऑल रोड्स’ कार्यक्रमाने घेतली आणि 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खराट्याला प्रतिष्ठा देणाऱ्या गाडगेबाबांच्या वऱ्हाडातून आलेल्या छायाचित्रकाराने खराटा धरणाऱ्यांचे आयुष्य जगापुढे ठेवावे, याचे मोल वऱ्हाडाने अजून पुरते ओळखलेले नाही.

आता प्रश्न अमरावती-अकोल्याच्या रस्त्यांचा. इथले ऊन स्वतःच कृष्णधवल आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. अकोल्याच्या टिळक रोडवर किंवा अमरावतीच्या इतवाऱ्यात दुपारी रंग विटलेले दिसतात. उरतो तो झगझगीत उजेड आणि ताडपत्रीखालची दाट सावली. रघुबीर सिंग यांच्या मताला वऱ्हाडातली ही दुपार परस्पर उत्तर देते. तंत्राच्या दृष्टीनेही हे ऊन सोयीचे आहे. 400 आयएसओची फिल्म असेल तर अशा उन्हात एफ/16 आणि सेकंदाचा पाचशेवा भाग एवढे पुरते. 35 मिलिमीटरची लेन्स अडीच मीटरवर फोकस करून ठेवली की सुमारे सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट येते आणि कॅमेरा डोळ्याला लावून जुळवाजुळव करत बसावे लागत नाही. अडचण सावलीची आहे. उन्हातला फरसबंद रस्ता आणि दुकानातला माणूस, दोघांचेही बारकावे एका चौकटीत मावत नाहीत. कोणाला राखायचे ते ठरवावे लागते. कापसाचेही तसेच. उजेड मोजणारा मीटर प्रत्येक दृश्य मध्यम करडे धरून चालतो, त्यामुळे यार्डातली कापसाची गंजी चित्रात मळकी येते. एक ते दोन स्टॉप जास्त उजेड दिला तरच पांढरे सोने पांढरे दिसते.

दुसरी अडचण सामाजिक आहे. मुंबईत छायाचित्रकाराला कोणी ओळखत नाही. अमरावतीच्या राजकमल चौकात कॅमेरा वर केला की कोणीतरी विचारतेच, “फोटो काऊन काढून राहिला भाऊ?” इथे अनोळखी राहून चित्र चोरता येत नाही, उत्तर द्यावेच लागते. ही मर्यादा मानली जाते, पण ओलवे यांची वाटही संवादाचीच होती. लहान शहरातली रस्ता-छायाचित्रणाची शैली याच प्रश्नोत्तरातून घडायला हवी.

आजची स्थिती मात्र समाधानकारक नाही. अकोल्याची श्रावणातली कावड यात्रा आणि पोळा यांची चित्रे दरवर्षी मुबलक निघतात, पण ती सणाची असतात. सणानंतरच्या मंगळवारची नसतात. मोबाइलवर रंगीत चित्राचा रंग एका स्पर्शात काढून टाकता येतो, आणि म्हातारा, सुरकुत्या, विडी एवढ्यावर ‘कलात्मक’ चित्र तयार होते. माणसाचे नाव, काम, गल्ली यांचा पत्ता नसतो. हा रस्त्याचा अभ्यास नाही. गरिबीची सजावट आहे. दरम्यान मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे धावणारी शकुंतला रेल्वे थांबली, आणि तिच्या डब्यांतली, फलाटांवरची रोजची माणसे वर्षानुवर्षे सलगपणे टिपणारे काम काही उभे राहिले नाही.

जुने मात्र अजून पुष्कळ वाचवता येईल. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ रोल धुणारे स्टुडिओ तालुक्यातालुक्याला होते. डेव्हलपर वीस अंशांच्या आसपास ठेवायचा असल्याने वऱ्हाडी उन्हाळ्यात रोल धुणे म्हणजे बर्फाची सोय आलीच. इतक्या कष्टाने राखलेल्या निगेटिव्ह आज माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्यांत आहेत. अॅसिटेटची फिल्म उष्णतेने आणि दमटपणाने कुजते. तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला की वेळ थोडा उरलेला असतो. होमाई व्यारावालांचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी प्रतिष्ठानाने सांभाळला. वऱ्हाडातल्या स्टुडिओंचा संग्रह संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाने आणि शहरांतल्या वाचनालयांनी हाती घ्यावा. ज्यांच्या घरी अशा पेट्या आहेत त्यांनी त्या भंगारात देऊ नयेत. कोरड्या, थंड जागी हलवाव्यात आणि प्रत्येक पाकिटावर रस्त्याचे नाव, अंदाजे साल आणि चित्रातली माणसे ओळखीची असतील तर त्यांची नावे पेन्सिलीने लिहून ठेवावीत.